देवस्थानाची जमीन, विश्वस्त आणि न्यायालयाची वाट

प्रश्न : आमच्या गावचे देवस्थान सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था म्हणून नोंदलेले असून त्याच्या नावे चार एकर शेतजमीन आहे. विश्वस्तांनी कित्येक वर्षांत गावापुढे हिशोब ठेवलेला नाही. आता त्यांनी ही जमीन आपल्याच नात्यातील एका गृहस्थांना पंधरा वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिल्याचे कळते. विचारणा केली असता, ‘हा धर्माचा विषय आहे, यात सरकारने किंवा कोर्टाने पडू नये,’ असे उत्तर मिळाले. आम्ही काही ग्रामस्थ थेट दिवाणी दावा लावण्याच्या विचारात आहोत. हे योग्य ठरेल का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : थेट दावा लावू नका. तुमची तक्रार गंभीर आहे; पण चुकीच्या दाराने गेल्यास ती गुणदोषांवर ऐकली जाण्यापूर्वीच फेटाळली जाण्याचा धोका आहे.

आधी विश्वस्तांच्या उत्तराबद्दल. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा, ज्याला आज आपण महाराष्ट्राच्या नावाने ओळखतो, अमलात आल्यावर त्याला नेमक्या याच मुद्द्यावर आव्हान दिले गेले होते. रतिलाल पानाचंद गांधी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये त्यातील काही तरतुदी रद्द केल्या. मात्र धार्मिक संस्थेच्या मालमत्तेच्या कारभाराचे कायद्याने नियमन करता येते, हे तत्त्व मान्य करून कायद्याचा मुख्य गाभा कायम ठेवला. पूजा कशी करावी हा धर्माचा विषय आहे. जमीन कोणाला, किती वर्षांसाठी आणि किती खंडाने दिली, हा मात्र कारभाराचा विषय आहे आणि त्याचा जाब विचारता येतो.

तुमच्या प्रकरणातील सर्वांत भक्कम मुद्दा भाडेपट्ट्याचाच आहे. या कायद्याच्या कलम ३६ नुसार विश्वस्तव्यवस्थेची स्थावर मालमत्ता विकणे, अदलाबदल करणे किंवा बक्षीस देणे यांसाठी, तसेच शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची, म्हणजे सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची, पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर व्यवहार वैध ठरत नाही. अपवादात्मक परिस्थितीत परवानगी मागाहून देण्याची तरतूद २०१७ मध्ये करण्यात आली असल्याने विश्वस्त तिचा आधार घेऊ पाहतील. तसा अर्ज झाला आहे का, याची चौकशी करून लगेच लेखी हरकत नोंदवा. सातबाऱ्यावर देवस्थान इनाम, वर्ग ३ (देवस्थानासाठी इनाम दिलेली जमीन) असा शेरा असेल तर महसूल खात्याचे निर्बंधही स्वतंत्रपणे लागू होतात.

सुरुवात कागदपत्रांपासून करा. सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट एकचा (विश्वस्तव्यवस्थेच्या नोंदणीचा) उतारा, मंजूर योजना किंवा घटना, म्हणजे कारभाराची नियमावली, आणि दाखल झालेल्या लेखापरीक्षण अहवालांच्या नकला मागवा. गैरप्रकार आढळल्यास अहवालात नमूद करणे हे लेखापरीक्षकाचे कर्तव्य असल्यामुळे पुष्कळदा विश्वस्तांविरुद्धचा पहिला पुरावा त्यांनीच दाखल केलेल्या कागदांत सापडतो. देवळात नित्य दर्शनाला किंवा पूजेला जाणारी व्यक्ती कायद्याने ‘हितसंबंधी’ ठरते, त्यामुळे तुम्हाला कलम ४१ ब खाली चौकशीसाठी, कलम ४१ ई खाली मालमत्ता वाचवण्यासाठी तात्पुरत्या मनाई हुकुमासाठी आणि कलम ४१ ड खाली विश्वस्तांना निलंबित किंवा दूर करण्यासाठी अर्ज करता येईल. विश्वस्ताला दूर करण्यापूर्वी आरोप निश्चित करून त्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि ते योग्यच आहे. म्हणून ‘भ्रष्टाचार चालू आहे’ अशा मोघम वाक्यांऐवजी तारीख, गट क्रमांक व रक्कम लिहा.

मग न्यायालय कोठे येते? हिशोब मागणे, विश्वस्त दूर करणे, मालमत्तेचा ताबा परत मिळवणे अशा मागण्यांसाठी कलम ५० खाली दावा करता येतो. तो धर्मादाय आयुक्त स्वतः लावू शकतात, किंवा त्यांच्या लेखी संमतीने दोन अथवा अधिक हितसंबंधी व्यक्ती लावू शकतात. ही संमती दाव्याआधी मिळालेली असली पाहिजे. याशिवाय, आयुक्तांनी दूर केलेला विश्वस्त ९० दिवसांत न्यायालयाकडे दाद मागू शकतो. येथे न्यायालय म्हणजे मुंबईत नगर दिवाणी न्यायालय आणि इतरत्र जिल्हा न्यायालय. त्यापुढे उच्च न्यायालय. दीर्घ लढ्याची तयारी ठेवा, परंतु मनाई हुकुमाचा अर्ज एक दिवसही लांबवू नका, कारण जमिनीवर तिसऱ्याचे हक्क निर्माण झाले की ती परत मिळवणे फार कठीण होते.

प्रश्न : आमच्या शिक्षणसंस्थेची निवडणूक होऊन दोन वर्षे झाली, तरी बदल अर्ज, म्हणजे नव्या विश्वस्तांची नोंद करण्यासाठी धर्मादाय कार्यालयाकडे केलेला अर्ज, प्रलंबित आहे. तोवर नवे मंडळ बेकायदेशीर समजायचे का?
— एक सभासद, नाशिक

उत्तर : नाही. बदल ९० दिवसांत कळवणे बंधनकारक आहे. पण विश्वस्ताला अधिकार मिळतो तो घटनेनुसार झालेल्या वैध निवडणुकीतून, आणि नोंदवहीत केवळ घडून गेलेल्या बदलाची नोंद होते. निवडणुकीलाच हरकत असेल तर तिची वैधता त्या अर्जावरील चौकशीत तपासली जाते. निकाल विरोधात गेल्यास ६० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे अपील करता येते. तोपर्यंत सभांची इतिवृत्ते, सूचनापत्रे आणि मतदारयादी जपून ठेवा.