वाचकांचे प्रश्न: हायवेच्या कडेचा दगड आणि १९३६ साल

प्रश्न: मागच्या हिवाळ्यात लेकीकडे टेक्सासला महिनाभर होते. एकदा हायवेला गाडी थांबवली तर कडेला उभा ग्रॅनाइटचा दगड, त्यावर काउंटीचं (म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं) नाव, दोन-तीन सालं आणि खाली १९३६. आसपास घर नाही दार नाही, नुसतं गवत आणि तारेचं कुंपण. दगडाच्या वरच्या भागात एक गोल डाग आणि बोल्टची भोकं. जावई म्हणाले असे खूप आहेत. मग १९३६ साली तिथे झालं तरी काय होतं? – एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: ताई, त्या जागी १९३६ साली काहीच झालं नाही, झाला तो फक्त दगड उभा! टेक्सासने मेक्सिकोपासून स्वातंत्र्य जाहीर केलं २ मार्च १८३६ ला आणि २१ एप्रिलला सॅन जॅसिंटोची लढाई जिंकली, जेमतेम १८ मिनिटांची म्हणतात. त्याची शंभरी १९३६ ला. गंमत अशी की टेक्सास अमेरिकेचं राज्य झालं १८४५ साली, म्हणजे ही शंभरी राज्याची नव्हेच, मधली नऊ-दहा वर्षं तो स्वतंत्र देश होता त्या देशाची. टेक्सासच्या माणसाला अजून त्याचाच जास्त अभिमान.

आता वेळ बघा, मंदीचा काळ, लोकांना काम नाही, आणि तरी राज्याने ३० लाख डॉलर काढले, केंद्र सरकारने आणखी ३० लाख. (काहींना ही उधळपट्टी वाटली असणार, पण दगड फोडणाऱ्याला आणि ओतकाम करणाऱ्याला त्यातूनच मजुरी मिळाली ना.) डल्लासला जून ते नोव्हेंबर मोठं प्रदर्शन भरलं, ६० लाखांवर माणसं येऊन गेली. पण सगळा पैसा एका शहरात घातला नाही हे मला आवडतं, स्मारकं आणि दगडांसाठी वेगळी रक्कम ठेवली, कुठे काय उभारायचं ते सुचवायला तीन जणांचं इतिहास मंडळ नेमलं, आणि इमारती, पुतळे, कबरींवरचे दगड, काउंटीचे दगड असं सगळं धरून हजारावर कामं राज्यभर झाली. टेक्सासमध्ये काउंट्या २५४, तेव्हा हिंडावं किती लागलं असेल विचार करा.

काउंटीचे दगड हायवे खात्याने मोठ्या रस्त्यांवर बसवले, गाडीतून जाणाऱ्याला दिसावेत म्हणून. तेव्हा उजाड जागेचं उत्तर हेच, दगड घटनेच्या जागी नाही, वाटेवर आहे. तो गोल डाग आणि भोकं म्हणजे तिथे ब्राँझचा पानांचा हार होता, मध्ये तारा. टेक्सासच्या झेंड्यावरचा तो एकच तारा. ब्राँझला भंगारात भाव येतो हे तिथल्या चोरांनाही ठाऊक आहे, त्यामुळे बऱ्याच दगडांवर आता नुसता डाग राहिलाय.

आणि दगडावरची ती दोन सालं, ‘क्रिएटेड’ आणि ‘ऑर्गनाइज्ड’, त्यात खरी मजा आहे. पहिलं साल विधिमंडळाने नकाशावर रेघ ओढली ते, दुसरं तिथे मतदान करून अधिकारी निवडण्याइतकी माणसं जमली ते. दोन्हींत कधी कधी वीस-वीस वर्षांचं अंतर. आपल्याकडे तालुका जाहीर व्हावा आणि मामलेदार कचेरी नातवाच्या काळात उघडावी तसं. मला तर सॅन जॅसिंटोच्या ५६७ फुटी मनोऱ्यापेक्षा (तो १९३९ ला पूर्ण झाला, वर ३४ फुटांचा तारा) हे दोन ओळींचे दगड जास्त बोलके वाटतात. अलामोसमोर (१८३६ च्याच लढाईची जागा) उभारलेलं स्मारक तर मंडळातल्याच जे. फ्रँक डोबींना धान्याच्या कोठारासारखं दिसलं आणि ते तसं बोललेही.

फक्त मजकूर वाचताना खालचं साल आधी बघायचं. १८३६ बद्दल १९३६ च्या माणसांनी लिहिलंय. वसाहतवाले आणि सैनिक त्यात भरपूर, गुलाम म्हणून आणलेली माणसं आणि तिथले मूळचे मेक्सिकन लोक फार थोडे.

प्रश्न: आपल्या बडोद्यात असं काही आहे का? – एक वाचक, रावपुरा

उत्तर: आहे की, आणि रोज समोरून जाता! सयाजीराव महाराजांना १८८१ च्या डिसेंबरात पूर्ण अधिकार मिळाले, त्याचा रौप्यमहोत्सव १९०७ ला झाला. कमाटीबागेच्या तोंडाशी काळा घोडा आहे ना, महाराजांचा घोड्यावरचा पुतळा, तो त्याच निमित्ताने लोकांनी उभारला, शिल्पकार डर्वेंट वुड. खंडेराव मार्केटही त्याच पंचवीस वर्षांची आठवण, समोर महानगरपालिकेची कचेरी, मागे भाजी आणि फुलं. महाराज गादीवर आले १८७५ ला, त्याचा हीरकमहोत्सव साजरा झाला तो नेमका १९३६ लाच. तेव्हा महाराजांनी गावांच्या सुधारणेसाठी एक कोटी रुपये काढून ठेवले. त्या कोटीचा दगड कुठे शोधू नका. रौप्यमहोत्सवाचा मात्र सोपा आहे, उद्या मेथी आणायला गेलात की पिशवी खाली ठेवून जरा वर घुमटांकडे बघा.