बहात्तरच्या आठवणी नोंदवताना

प्रश्न : १९७२च्या दुष्काळावर बी.ए.च्या वीस विद्यार्थ्यांना गावातल्या ज्येष्ठांच्या मुलाखती घ्यायला लावल्या. सगळीकडून एकच उत्तर आलं, ‘लई हाल झाले.’ निम्म्या रेकॉर्डिंगमध्ये तर पंख्याचीच घरघर. काय चुकलं? (इतिहासाच्या प्राध्यापिका, बीड जिल्हा)

उत्तर : ‘दुष्काळाबद्दल सांगा’ म्हटलं की माणूस चारचौघांत सांगून गुळगुळीत झालेलं तेच सांगतो. हाताला लागेल असं विचारा. कुठल्या कामावर होतात, पाझर तलाव, रस्ता की खडी? दगड कोण फोडायचं, पाटी कोण वाहायचं? मजुरी कुणाच्या हातात पडायची? ‘सुकडी मिळायची का?’ (सुकडी म्हणजे दुष्काळी कामांवर वाटलं जाणारं पौष्टिक खाणं) याला ‘हो’ म्हणून विषय संपतो. ‘दुपारी काय खायचात?’ विचारलं की सुकडीही येते आणि लाल मिलोची (परदेशातून आलेल्या ज्वारीची) भाकरीही. उत्तर थांबलं तरी विद्यार्थ्याने मनात पाचपर्यंत आकडे मोजावेत. पुष्कळदा खरं बोलणं त्यानंतर सुरू होतं. बाईची मुलाखत मात्र घरातल्या पुरुषांसमोर नको. ते मध्येच दुरुस्त्या करतात आणि ती गप्प होते. दुष्काळी कामांवर बायका मोठ्या संख्येने होत्या, म्हणजे हे नुकसान किरकोळ नाही.

आवाजाचं त्यामानाने सोपं. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, छोटा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर. पदराच्या मोकळ्या काठाला लावला तर खसखस येते. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, मोनो डब्ल्यूएव्ही (बारकावे न गाळता आवाज साठवणारी) फाइल तासाला सुमारे ५२० एमबी खाते. फोनमध्ये दोन जीबी तरी मोकळी हवी. आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून इअरफोनने ऐका. मूळ फाइल त्याच दिवशी दोन ठिकाणी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटला मूळ प्रत समजू नका, तिथे फाइल लहान करण्यासाठी आवाजातले बारकावे गाळले जातात. संमती सहीने किंवा अंगठ्याने घ्याच, पण रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तोंडीही घ्या. ‘फक्त वर्गात’ आणि ‘इंटरनेटवर’ हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा.

प्रश्न : सॉफ्टवेअरने आपोआप उतरवलेला मजकूर चालेल?

उत्तर : कच्चा खर्डा म्हणून. बोली सपाट होते, गावांची नावं आणि आकडे चुकतात, ‘सुकडी’चं ‘लाकडी’ होऊ शकतं. कधीकधी बोलणारा गप्प असतो तिथे सॉफ्टवेअर स्वतःचंच वाक्य घालतं, आणि ते इतकं शुद्ध असतं की शंका येत नाही. म्हणून मजकूर आवाजाशी ताडून पाहणं सोडू नका. तासभराचं बोलणं हाताने उतरवायला पाच-सहा तास सहज जातात. तेवढा वेळ नसेल तर आधी वेळेची सूची करा : ‘१२:४० मजुरी, मुकादम’. वर्गात नेमका तुकडा ऐकवायला तीच कामी येते.

प्रश्न : एक आजोबा म्हणाले, ‘बहात्तरला रोजगार हमीवर होतो.’ दुरुस्त करावं का?

उत्तर : शब्द तसेच ठेवा, टीप वेगळी द्या. रोजगार हमीचा कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. बहात्तर-त्र्याहत्तरची कामं मुख्यतः दुष्काळ निवारणाची. पुढे वर्षानुवर्षं तसंच काम ‘रोजगार हमी’ म्हणून केल्यावर आधीच्यालाही तेच नाव चिकटतं. ‘तेव्हा त्या कामाला काय म्हणायचे?’ असं परत विचारून बघा. आणि साल ताडायचं असेल तर साल विचारू नका. ‘तेव्हा लग्न झालं होतं का, थोरला केवढा होता?’ विचारा, मग शाळेच्या जनरल रजिस्टरातली थोरल्याची जन्मतारीख काढा.