अमेरिकेची वृत्तवाहिनी सीएनएन एवढी मोठी कशी झाली? ती काढणाऱ्या टेड टर्नरकडे बक्कळ पैसा होता म्हणून का?

पैसा? छे, तंगीच होती. मी बरीच वर्षं एका मराठी वृत्तवाहिनीच्या पीसीआरमध्ये, म्हणजे जिथून कार्यक्रम चालवतात त्या कंट्रोल रूममध्ये, ऑडिओ कन्सोलवर बसतो, त्यामुळे माझं उत्तर जरा वायरमनछाप वाटेल. माझ्या मते सीएनएन बातम्यांपेक्षा लाइनवर मोठी झाली. लाइन म्हणजे सिग्नल जायची वाट.

टर्नरचा घरचा धंदा होर्डिंगचा. १९७० मध्ये त्यानं अटलांटातलं एक मरतुकडं टीव्ही स्टेशन घेतलं. जुने सिनेमे, कुस्त्या, बेसबॉल, असलं काहीबाही लावायचा. डिसेंबर १९७६ मध्ये त्यानं तेच स्टेशन उपग्रहावर चढवलं आणि गावापुरतं चॅनेल अमेरिकाभरच्या केबलवाल्यांकडे दिसायला लागलं. एबीसी, सीबीएस, एनबीसी या तीन बड्या नेटवर्कना देशभरच्या स्थानिक स्टेशनांची साखळी सांभाळावी लागायची. टर्नरचं काम केबलवाल्याच्या एका डिशवर भागलं.

मग चोवीस तास बातम्यांचं खूळ. त्यासाठी त्यानं शार्लटचं आपलं दुसरं स्टेशन विकलं. आणि डिसेंबर १९७९ मध्ये, ज्या उपग्रहावर सीएनएन जाणार होतं तो सॅटकॉम-३ सोडल्यावर काही दिवसांतच हरवला! संपर्कच तुटला. टर्नर थेट उपग्रहवाल्या आरसीए कंपनीविरुद्ध कोर्टात गेला आणि जुन्या सॅटकॉम-१ वर जागा पदरात पाडून घेतली. १ जून १९८० ला संध्याकाळी चॅनेल सुरू झालं. पहिले अँकर डेव्हिड वॉकर आणि लॉइस हार्ट, नवरा-बायको. पोहोच साधारण १७ लाख घरांची.

पगार कमी, पोरं कोवळी, एकच जण कॅमेराही धरायचा आणि टेपही कापायचा. लोक ‘चिकन नूडल नेटवर्क’ म्हणून टिंगल करायचे. (आमच्याकडे आजही हेच चालतं, फक्त त्याला मल्टिटास्किंग म्हणतात.) १९८२ मध्ये एबीसी आणि वेस्टिंगहाउस मिळून स्पर्धक बातम्यांचं चॅनेल घेऊन उतरले. त्यांची चाहूल लागताच टर्नरनं आधीच, १ जानेवारी १९८२ ला, दुसरं चॅनेल काढून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी त्यानं स्पर्धकच अडीच कोटी डॉलरला विकत घेतला आणि बंद केला.

२८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान फुटलं तेव्हा तिन्ही बड्या नेटवर्कवर नेहमीचे कार्यक्रम चालू होते. यान सुटणं ही तोवर शिळी बातमी झाली होती. सीएनएन लाइव्ह होतं, कारण चोवीस तास भरायचे तर काहीतरी दाखवत राहावंच लागतं.

पण खरी गंमत बगदादची. १७ जानेवारी १९९१, आखाती युद्धाची पहिली रात्र, पहाटेचा अंधार, अल-रशीद हॉटेल. सीएनएनचे बर्नार्ड शॉ, पीटर आर्नेट आणि जॉन हॉलिमन खिडकीतून बॉम्ब पडताना बघत बोलतायत. बाकीच्या वार्ताहरांचे फोन बंद पडले, यांचा चालू राहिला. कारण सीएनएननं इराकी सरकारच्या मागे लागून आधीच ‘फोर-वायर’ घेऊन ठेवली होती. म्हणजे चार तारांची खास लाइन: आवाज जायची जोडी वेगळी, यायची वेगळी, आणि शहरातल्या एक्स्चेंजवर अवलंबून नसलेली. पडद्यावर काय होतं? नकाशा आणि तिघांचे फोटो. आमच्या भाषेत निव्वळ फोनो, म्हणजे चित्राशिवाय फोनवरून दिलेली बातमी! आमच्याकडे साध्या पावसात फोनो तुटतो, अँकर ‘आवाज पोहोचत नाहीये’ म्हणतो आणि अख्खा पीसीआर वळून माझ्याकडे बघतो. त्या रात्री तिकडच्या ऑडिओवाल्यानं काय भोगलं असेल, हे मला विचारा.

तेव्हा माझा मामा मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात इलेक्ट्रिशियन होता. तो सांगायचा, साहेब लोक खोल्या सोडून लॉबीतल्या टीव्हीसमोर उभे असायचे, आणि वेटर ट्रे हातात घेऊन त्यांच्या मागे. आपल्याकडे घराघरांत तेव्हा दूरदर्शनच. पण त्या युद्धानंतर गच्च्यांवर भराभर डिशच्या छत्र्या उगवल्या, त्याच वर्षी स्टार आलं, १९९२ मध्ये झी. पुढे २००५ मध्ये सीएनएनचं नाव घेऊन सीएनएन-आयबीएन सुरू झालं आणि २००८ मध्ये त्याच घरातून आयबीएन-लोकमत हे मराठी चॅनेल. म्हणजे माझ्या पिढीतल्या कित्येक मराठी पत्रकारांचा आणि टेक्निशियनांचा पगार लांबून का होईना, त्या अटलांटाच्या डिशशी जोडलेला आहे.

१९९६ मध्ये टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये गेली. त्याच वर्षी एमएसएनबीसी आणि फॉक्स न्यूज हे दोन स्पर्धक आले. तोवर उपग्रह, ओबी व्हॅन (बाहेरून थेट प्रक्षेपण करायची गाडी), सगळं सगळ्यांकडे होतं. फॉक्सनं लाइनच्या भानगडीत न पडता तावातावानं बोलणारी माणसं बसवली आणि २००२ च्या आसपास प्रेक्षकसंख्येत सीएनएनला मागे टाकलं. आमच्या रात्री नऊच्या चर्चेत सहा खिडक्यांमधून सहा माणसं एकदम ओरडतात, तेव्हा मला कोणाचा माइक खाली ओढू हे कळत नाही. ते खूळ फॉक्सच्या वळणाचं आहे, सीएनएनच्या नाही.