हंगामअखेरच्या निकालपत्रावरून ट्रॅव्हल बेसबॉल क्लबची पारख कशी करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपला मुलगा न्यू जर्सीत गावच्या लिटल लीगमध्ये (मुलांच्या स्थानिक बेसबॉल लीगमध्ये) खेळतो आणि पुढच्या हंगामात तो बारा वर्षांखालील गटात जाईल. एका ट्रॅव्हल क्लबने, म्हणजे चाचणी घेऊन मुले निवडणाऱ्या आणि गावोगावच्या स्पर्धांत खेळणाऱ्या क्लबने, निवड चाचणीच्या निमंत्रणासोबत आपल्या संघाचे हंगामअखेरचे निकाल पाठवले असून त्यात ‘38-14-1, तीन विजेतेपदे, दोन उपविजेतेपदे’ असे लिहिले आहे. आपण क्रिकेटवर वाढलेले असल्यामुळे या आकड्यांवर किती भरवसा ठेवावा हे आपल्याला कळत नाही.

माझा मुलगा नऊ ते चौदा या वयात दोन ट्रॅव्हल क्लबांकडून खेळला आणि त्यांपैकी चार हंगाम संघाची स्कोअरबुक मी लिहिली. त्या अनुभवावरून सांगतो की हे आकडे बहुधा खरेच असतात, परंतु आपल्या मुलाचे पुढचे वर्ष कसे जाईल हे त्यांतून जवळजवळ काहीच कळत नाही. त्यासाठी निकालपत्रात सहसा न छापलेल्या तीन गोष्टी विचाराव्या लागतात : संघ कोणत्या श्रेणीत खेळला, पिचिंग (फलंदाजाला चेंडू टाकणे) कोणी किती केले, आणि गेल्या वर्षीची किती मुले याच संघात परत येत आहेत.

प्रथम आकडे कसे वाचायचे ते पाहू. 38-14-1 याचा अर्थ 38 सामने जिंकले, 14 हरले आणि एक बरोबरीत सुटला. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये बरोबरी जवळपास नसतेच, मग इथे ती कशी, असे आपल्याला वाटेल. आठवडाअखेरच्या स्पर्धांत एकेका मैदानावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत सामने लावलेले असतात आणि पुढचे दोन संघ कुंपणाबाहेर हातमोजे घालून उभे असतात, म्हणून साखळी सामन्यांना वेळेची मर्यादा घालतात. ती संपली की धावा समसमान असल्या तरी सामना तिथेच थांबतो. या मर्यादेमुळे आणि मोठ्या फरकाचा सामना लवकर संपवण्याच्या नियमामुळे बारा वर्षांखालील गटातील सहा इनिंगचे (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात) अनेक सामने चार-पाच इनिंगमध्येच आटोपतात.

आता श्रेणीविषयी. यूट्रिपलएसए या मोठ्या संघटनेच्या स्पर्धांत एकाच वयोगटात वरून खाली मेजर, ट्रिपल-ए, डबल-ए अशा श्रेणी असतात आणि मेजर व ट्रिपल-ए यांच्यातील अंतर आपल्याकडच्या तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या अंतराएवढे सहज असते. जो संघ डबल-एमध्ये 38 सामने जिंकतो, तोच एक पायरी वर चढला तर निम्मे सामने हरू शकतो. काही क्लब संघाची ताकद वाढल्यावरही खालच्या श्रेणीतील स्पर्धा निवडून निवडून खेळतात, कारण निकालपत्रावर श्रेणी लहान अक्षरांत येते आणि ‘विजेते’ हा शब्द मोठ्या. विजेतेपदाचेही तसेच आहे. अनेक स्पर्धांत शनिवारच्या साखळीनंतर वरचे संघ गोल्ड बाद फेरीत आणि उरलेले सिल्व्हरमध्ये जातात. सिल्व्हर जिंकणाऱ्या मुलांनाही करंडक किंवा अंगठी मिळते आणि मिळावीच, त्यांनी रविवारी उन्हात दोन-तीन सामने खेळलेले असतात. पण क्लबच्या कागदावर ते नुसते ‘विजेतेपद’ होते. आपल्याला आलेल्या कागदावरची तीन विजेतेपदे कोणत्या फेरीतली आहेत, हे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

धावांच्या फरकाचा रकाना असेल तर त्याला नेट रनरेटइतकेच महत्त्व द्या. साखळीत समान विजय असलेल्या संघांचा क्रम लावताना परस्परांतील निकाल, दिलेल्या धावा आणि धावांचा फरक पाहिला जातो, म्हणून प्रशिक्षक एकतर्फी सामन्यातही चांगल्या पिचरलाच टाकत ठेवतात. या एका कारणाने मुलांच्या हातांवर जो भार पडतो तो कोणत्याच रकान्यात दिसत नाही, आणि मला खरे बोलायचे आहे ते त्याविषयीच.

मेजर लीग बेसबॉल (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल (या खेळाची राष्ट्रीय संघटना) यांनी 2014 मध्ये ‘पिच स्मार्ट’ नावाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार 11-12 वर्षांच्या मुलाने एका दिवसात 85 पेक्षा अधिक चेंडू पिच करू नयेत. 21 ते 35 चेंडूंनंतर एक दिवस, 36 ते 50 नंतर दोन, 51 ते 65 नंतर तीन आणि 66 किंवा त्याहून अधिक चेंडूंनंतर चार दिवस विश्रांती द्यावी. बारा महिन्यांत 80 पेक्षा जास्त इनिंग टाकू नयेत आणि वर्षातून किमान चार महिने चेंडूफेक बंद ठेवावी, त्यांपैकी दोन-तीन महिने सलग. लिटल लीगने 2007 पासून चेंडूंच्या संख्येवर मर्यादा घातली आहे, पण ट्रॅव्हलच्या काही स्पर्धांत चेंडूंऐवजी इनिंग मोजतात. एक इनिंग नऊ चेंडूंतही संपते आणि चार वॉक (चार चेंडू बाहेर पडल्यामुळे फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस), दोन चुका झाल्या की पस्तिसाव्या चेंडूपर्यंतही लांबते. कागदावर दोन्ही एकच इनिंग.

हा हिशेब आपल्या क्लबच्या आकड्यांना लावून पाहा. 53 सामने, सरासरी पाच इनिंग धरल्या तर साधारण 265 इनिंगचे पिचिंग झाले. ते तीन-चार मुलांनीच वाटून घेतले असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी 66 ते 88 इनिंग येतात, म्हणजे तो वर्षाच्या मर्यादेजवळ पोचला असेल किंवा ती ओलांडून गेला असेल, आणि त्यात गावच्या लीगमधले पिचिंग धरलेलेच नाही. हाच भार सात-आठ मुलांत वाटला गेला असेल, तर त्या प्रशिक्षकाने हंगामभर विचार केला आहे असे समजा. मला विचाराल तर 38 या आकड्यापेक्षा पिचिंग करणाऱ्या मुलांचा हा आकडा महत्त्वाचा.

आमच्या पहिल्या क्लबमध्ये, मुलगा अकरा वर्षांखालील गटात असताना, जुलैमधल्या एका रविवारी आम्ही अंतिम सामना खेळत होतो. पिचिंग करणाऱ्या मुलाने शनिवारी 48 चेंडू टाकले होते. इनिंगच्या नियमात तो बसत होता, त्यामुळे रविवारी त्याला पुन्हा उभे केले. माझ्या डाव्या हातात चेंडू मोजायचा क्लिकर होता आणि मांडीवर स्कोअरबुक. चाळिसाव्या चेंडूच्या सुमारास तो प्रत्येक फेकीनंतर उजवा हात खाली सोडून बोटे झटकू लागला. नंतर त्याचे कोपर खांद्याच्या खाली यायला लागले, चेंडू प्लेटच्या (फलंदाजाजवळच्या जमिनीतील पाटीच्या) अलीकडेच टप्पा खाऊ लागले आणि कॅचर (यष्टिरक्षकासारखा मागे बसणारा खेळाडू) गुडघ्यांवर पडून ते अडवू लागला. प्रशिक्षक मैदानात गेले, त्यांनी त्याला विचारले, त्याने मान हलवली. अकरा वर्षांचा मुलगा आईवडील, संघ आणि करंडक समोर असताना मान हलवणारच. क्लिकर 61 वर थांबला आणि आम्ही एका धावेने जिंकलो. त्या वर्षीच्या निकालपत्रावर तो दिवस ‘विजेते’ म्हणून नोंदला गेला आहे. पुढच्या वसंतात तो मुलगा पिचिंग करू शकला नाही. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे हाड अजून वाढत असते, तिथे इजा झाली होती. वारंवार फेक करणाऱ्या या वयाच्या मुलांत ती इतकी आढळते की तिला ‘लिटल लीगर्स एल्बो’ असे नावच पडले आहे. त्या रविवारी दोन्ही दिवसांचे आकडे माझ्या हातात होते आणि मी उठून प्रशिक्षकांना ते दाखवले नाहीत. याचे मला आजही वाईट वाटते, आणि आपल्या प्रश्नाला इतके लांब उत्तर लिहिण्याचे तेच कारण आहे.

पुढच्या वर्षी आम्ही क्लब बदलला. नव्या संघाचा बारा वर्षांखालील हंगाम 21-24-1 असा संपला, म्हणजे आपल्याला आलेल्या कागदाशेजारी ठेवला तर कोणी दुसऱ्यांदा पाहणार नाही असा. तो संघ मुद्दाम एक श्रेणी वर खेळत होता. फलंदाजीच्या क्रमात हजर असलेली सगळी मुले असत, बाकावरचा मुलगा पुढच्या इनिंगला मैदानात जाई आणि नऊ मुलांनी पिचिंग केले. एप्रिलमध्ये आमचे पिचर एका इनिंगला तीन-तीन वॉक देत होते, तेव्हा प्रशिक्षकांनी पालकांना एकच गोष्ट लिहून ठेवायला सांगितली : प्रत्येक फलंदाजाला टाकलेला पहिला चेंडू स्ट्राइक (ठरलेल्या जागेतून गेलेला किंवा फलंदाजाने हुकवलेला चेंडू) होता की नाही. या वयात सामने षटकारांनी कमी आणि फुकट दिलेल्या बेसनी जास्त हरले जातात, हे त्या वहीतून मुलांना स्वतःलाच दिसले. ऑगस्टमध्ये बागेतल्या शेडखाली पिझ्झा खाताना प्रशिक्षकांनी वर्षाचा निकाल वाचून दाखवला तो असा की प्रत्येक मुलाचे एप्रिलचे आणि जुलैचे पान शेजारी शेजारी ठेवले. त्या संघातील एक मुलगा वगळता सगळे पुढच्या वर्षी परत आले, आणि तो एक जण कुटुंबासह टेक्सासला राहायला गेला म्हणून आला नाही.

हे परत येणे निकालपत्रात कधीच छापत नाहीत. 38-14-1 वाल्या संघातील बारापैकी सात मुले निघून गेली असतील, तर ते आकडे आपल्या मुलाच्या संघाचे नाहीतच. ते आता विखुरलेल्या एका जुन्या संघाचे आहेत. त्याचप्रमाणे काही संघ मोठ्या स्पर्धेपुरते दुसऱ्या संघातील एक-दोन तगडे खेळाडू पाहुणे म्हणून आणतात. नियमात ते बसतही असेल, पण त्या शनिवार-रविवारी घरचा मुलगा बाकावर बसून असतो आणि त्याच्या पालकांनी वर्षाचे शुल्क भरलेले असते.

वयाचीही एक बाब लक्षात असू द्या. बहुतेक मोठ्या ट्रॅव्हल संघटनांत वयोगट 1 मेच्या आधीच्या वयावर ठरतो. जो मुलगा एप्रिलअखेरपर्यंत तेरा वर्षांचा झालेला नाही, तो त्या हंगामात बारा वर्षांखालील गटात खेळू शकतो. म्हणून जुलैच्या सामन्यांत काही खेळाडू प्रत्यक्षात तेरा वर्षांचे आणि खांद्याने रुंद दिसतात. त्यांच्या जोरावर जिंकलेले सामने त्यांच्याबरोबर वरच्या गटात निघून जातात. आपल्या मुलाचा वाढदिवस मार्च-एप्रिलमध्ये असेल, तर तो गटातील सर्वांत लहानांपैकी असेल आणि त्याला पहिले काही महिने अवघड जातील. ते त्याच्या कौशल्याचे मोजमाप समजू नका.

बारा वर्षांखालील गटात आपण येत आहात म्हणून कूपर्सटाउनचाही उल्लेख करतो. बेसबॉलचे हॉल ऑफ फेम 1939 पासून ज्या गावात आहे, त्या न्यू यॉर्क राज्यातील कूपर्सटाउन परिसरात उन्हाळाभर याच वयाच्या संघांच्या आठवडाभराच्या स्पर्धा भरतात. मुले तिथे संघासोबत राहतात आणि देशभरातून आलेल्या मुलांशी आपापल्या संघाच्या पिना बदलून घेतात. हा संघ तिथे जाणार का, हे जरूर विचारा, पण तिथला क्रमांक विचारू नका. माझ्या मुलाला आमचा क्रमांक आठवत नाही, पिना लावलेला टॉवेल मात्र अजून त्याच्या खोलीत भिंतीवर आहे.

निवड चाचण्या ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि निकालपत्रे नेमकी त्याच सुमारास निघतात, हा योगायोग नाही. चाचणीच्या दिवशी प्रशिक्षकांना बाजूला घेऊन गेल्या हंगामात किती मुलांनी पिचिंग केले आणि सर्वांत जास्त इनिंग कोणी किती टाकल्या, एवढे विचारा. आजकाल बहुतेक संघ गेमचेंजर या ॲपवर धावफलक ठेवतात, त्यामुळे प्रत्येक सामन्यात कोणी किती चेंडू टाकले ते तिथे असते आणि ज्यांना दाखवायचे आहे ते दोन मिनिटांत फोन उघडून दाखवतात. गेल्या वर्षी त्या संघात असलेल्या एखाद्या पालकाशीही बोला, शक्यतो ज्यांचा मुलगा क्रमवारीत शेवटी फलंदाजी करत होता त्यांच्याशी. आणि क्लबचे शरद ऋतूतील सामने सप्टेंबरमध्ये सुरू होत असतील, तर निर्णय देण्याआधी त्यांचा रविवारचा शेवटचा सामना पाहायला जा आणि कॅचरच्या मागच्या कुंपणापेक्षा डगआउटजवळ, म्हणजे संघाच्या बाकांजवळ बसा.