डोक्याला मार लागल्यावर मेंदूच्या पेशी परत येतात का, आणि त्यासाठी कुठली गोळी असते का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. भाऊ पेडण्याजवळ हायवेवर स्कूटरवरून पडला, डोक्याला मार लागला, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात ॲडमिट होता, आता दीड महिना झाला, घरी आणलाय, उजव्या हाताची पकड येत नाही, बोलताना शब्द अडतात, दिवसभर पेंगत असतो, आणि मेडिकलवाला म्हणतो सिटिकोलीनच्या गोळ्या सुरू करा, मेंदूच्या पेशी परत येतील. मी फार्माकॉलॉजी शिकवते आणि माझं पीएचडीचं काम मेंदूला इजा झालेल्या उंदरांवरच होतं, म्हणून लिहितेय. पेशंट बघणारी डॉक्टर नाही मी, त्यामुळे डोस वगैरे सांगणार नाही.

आधी पेशींचं. ज्या मेल्या त्या परत येत नाहीत, आज बाजारात अशी कुठलीच गोळी नाही. पण सुधारणा त्यावर अडून नसते. 1986 च्या पावसात मांडवीवरचा पूल पडला तेव्हाचं घरच्या मोठ्यांना विचारा, नवा पूल व्हायला काही वर्षं गेली पण माणसं बेतीहून फेरीने पणजीला जातच होती. मेंदूतही शाबूत राहिलेल्या पेशी दुसरीकडून काम ओढून नेतात, त्यांच्या फांद्यांवर बारीक काटे फुटतात, नव्या जोडण्या होतात, जुन्या कमजोर जोडण्या बळकट होतात. 1973 मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या मेंदूत दाखवलं की एका वाटेवर थोडा वेळ जोरात सिग्नल पाठवले की ती जोडणी नंतर तासन् तास जास्त जोराने काम करते. म्हणजे जोडणी वापराने बदलते, हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गंमत नाही पण खरंच विचार करायला लावणारी गोष्ट अशी की मार बसल्यावर पहिल्या काही तासांत ग्लुटामेट नावाचं रसायन भसाभस बाहेर पडतं, त्या रसायनाने उघडणारी पेशीवरची दारं, म्हणजे एनएमडीए रिसेप्टर, उघडी राहतात, पेशीत कॅल्शियम घुसतं आणि आसपासच्या चांगल्या पेशीसुद्धा मरतात. मग वाटलं हाच रिसेप्टर बंद करू, प्राण्यांत छान दिसलं, माणसांवरच्या ट्रायल मात्र एकामागोमाग एक फसल्या. त्याची कारणं बरीच आहेत, पण एक असं की नंतर शिकायला, नवी जोडणी पक्की करायला मेंदूला हाच रिसेप्टर लागतो. पहिल्या तासात घातक तेच पुढच्या आठवड्यात गरजेचं. म्हणून "मेंदूसाठी चांगली गोळी" असं सरसकट काही नसतंच, कधी दिली आणि पेशंट तेव्हा काय करत होता यावर सगळं असतं.

यावरचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रयोग 1982 चा, फीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. उंदरांच्या मेंदूचा एका बाजूचा हालचालीचा भाग काढला, म्हणजे त्यांना अरुंद पट्टीवरून नीट चालता येईना. हे मी माझ्या लॅबमध्ये जवळून बघितलंय, उंदीर पट्टीवर येतो, पुढचे पाय बरोबर पडतात आणि मागचा एक पाय घसरून खाली लोंबकळतो, मग तो पोट पट्टीला चिकटवून कसाबसा पुढे सरकतो. तर त्यांनी दुसऱ्या दिवशी ॲम्फेटामिनचा, म्हणजे मेंदूला उत्तेजित करणाऱ्या औषधाचा, एकच डोस दिला आणि त्या असरात उंदरांना पट्टीवर चालवलं, ते लवकर सुधारले. पण औषध देऊन ज्यांना कोंडून ठेवलं, चालू दिलं नाही, त्यांना काही फायदा झाला नाही! आणि हॅलोपेरिडॉल, म्हणजे शांत करणारं औषध, दिलेल्यांची सुधारणा उलट लांबली. म्हणजे जोडणी वापराने बदलते तेच इथे, नुसतं औषध नाही, त्याबरोबरचा सराव कामाचा. (माणसांत ॲम्फेटामिनचा फायदा पक्का दिसलेला नाही आणि ते व्यसन लावणारं औषध, तेव्हा तो विचारसुद्धा नको.)

तुमच्या सिटिकोलीनचं सांगायचं तर डोक्याला मार लागलेल्या 1213 पेशंटवर अमेरिकेत मोठी ट्रायल झाली, 2012 मध्ये रिझल्ट आला, रोज 2000 मिलिग्रॅम 90 दिवस देऊनसुद्धा नुसत्या खोट्या गोळीपेक्षा फरक नाही. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर त्यांना विचारा, पण दुकानदाराच्या शब्दावर महिन्याचे पैसे त्यात घालू नका, तेच पैसे फिजिओथेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्टला द्या. अमांटाडीन नावाच्या दुसऱ्या औषधाबद्दल कुणीतरी सांगेलच, त्याची 2012 ची 184 पेशंटची ट्रायल चांगली होती, सुधारणेचा वेग वाढला, पण ते सगळे पेशंट शुद्धीवर नीट न आलेले होते आणि चार आठवड्यांनी औषध थांबवल्यावर वेग कमी झाला. तुमच्या भावाची केस ती नाही.

मला खरी काळजी वाटतेय ती त्याच्या पेंगण्याची. आधी हे बघा, झोप रोज वाढत चाललीय का, डोकं जास्त दुखतंय का, उलटी, चालताना तोल? असं असेल तर ओपीडीच्या तारखेची वाट बघू नका, 108 ला फोन करा, कारण मार लागून काही आठवड्यांनी डोक्यात हळूहळू रक्त साचू शकतं आणि ते वेळेत कळलं तर उपाय आहे. तसं काही नसेल तर गोळ्या बघा. हॉस्पिटलमध्ये आरडाओरडा करतो म्हणून झोपेची किंवा शांत राहायची गोळी सुरू होते आणि घरी आल्यावरही तीच चिठ्ठी चालू राहते, असं खूप घरांत होतं. क्लोनाझेपाम, डायझेपामसारख्या गोळ्या मेंदूला दाबतात, पेंगणारा माणूस सराव करणार कसा. फिट्सची गोळी वेगळी, ती मनाने एक दिवससुद्धा चुकवू नका. क्लोनाझेपामही एकदम तोडायची नाही, त्यानेच फिट येऊ शकते. पण विचारायचा हक्क आहे तुम्हाला: ही अजून किती दिवस, कमी कधी करायची? लेव्हेटिरासेटाम या फिट्सच्या गोळीने काहीजणांची चिडचिड वाढते, ती असेल तर तेही सांगा, घरचे उगाच "स्वभाव बदलला" म्हणून त्याच्याशी भांडत बसतात.

सरावाचं म्हणाल तर चेंडू दाबत बसण्यापेक्षा त्याला ज्यात जीव आहे ते काम द्या. चवथ जवळ आलीय, माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची, फळं त्याच्यापुढे खाली चटईवर मांडा, उजव्या हाताने उचलू दे, नाव घेऊ दे, चिबूड, तोरिंजन, आंबाडे, सुपारीचा घड, आणि दोरीची गाठ त्यालाच मारू दे, वेळ लागला तरी तुम्ही हातातून घेऊ नका. शब्द अडला की पटकन तुम्ही बोलायचं नाही, थांबा, मग पहिलं अक्षर द्या. थोडा वेळ, मग विश्रांती, मग परत, थकल्यावर ताणायचं नाही. शिडीवर मात्र अजिबात चढवू नका, आणि पाहुण्यांपैकी कुणी "एक पेग फेणीने काय होतंय" म्हणालं तर सरळ नाही सांगा, दारूने फिटचा धोका वाढतो, सगळ्या गोळ्यांशी ती भांडते आणि परत पडला तर दुसरा मार पहिल्यापेक्षा वाईट ठरू शकतो.

पुढच्या ओपीडीला नुसती चिठ्ठी नको, घरात आहेत त्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या, मेडिकलवाल्याने दिलेल्यासुद्धा, आणि तो दिवसातून किती तास जागा असतो ते आठवडाभर वहीत लिहून ठेवा. काय सांगतात ते इथेच खाली लिहा ताई, गोळ्यांची नावं दिलीत तर कुठली कशासाठी असते ते मी समजावून सांगेन.