सुपरचार्ज्ड कॅडिलॅक : आधी इनटेक की एक्झॉस्ट?

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात राहतो. माझ्या २०१२ च्या कॅडिलॅक सीटीएस-व्हीला लाँग-ट्यूब हेडर (जळालेला वायू इंजिनातून बाहेर नेणाऱ्या लांब नळ्या) बसवल्यास बूस्ट घटतो, हे खरे आहे का? आणि आधी इनटेक (इंजिनात हवा नेणारा भाग) बदलावा की एक्झॉस्ट (जळालेला वायू बाहेर सोडणारा भाग)?

उत्तर : खरे आहे, पण त्यात काळजीचे कारण नाही. बूस्ट म्हणजे सुपरचार्जरने (हवा दाबून इंजिनात ढकलणाऱ्या पंपाने) पाठवलेल्या, पण इंजिनात शिरण्यासाठी खोळंबलेल्या हवेचा दाब. जळालेला वायू सहज बाहेर पडू लागला की हा खोळंबा कमी होतो आणि बूस्टचा काटा खाली येऊनही ताकद वाढते. तरीही आपण इनटेकपासूनच सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण अशा हेडरमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (धुरातले प्रदूषण कमी करणाऱ्या भागाची) मूळ रचना बदलते आणि गाडी आपल्या राज्याच्या स्मॉग (धूर-प्रदूषण) तपासणीत अडकते. इनटेकवरही एअर रिसोर्सेस बोर्डाचा (राज्याच्या हवा-प्रदूषण नियंत्रण मंडळाचा) मंजुरी क्रमांक हवाच. उघडा फिल्टर इंजिनाचीच गरम हवा ओढतो, म्हणून बंद पेटीतला घ्यावा. आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरपाशी नळी रुंद झाली, तर हवा कमी मोजली जाऊन पेट्रोल अपुरे पडते. तेव्हा ट्यूनिंग (इंजिनाच्या संगणकातील मापे नव्या भागाशी जुळवणे) टाळू नये.