सराटा : ओळख, अधिवास आणि बंदोबस्त

प्रश्न : सांगोला आणि माण तालुक्यांतील काही शेतकरी बांधवांनी विचारले आहे की, डाळिंबाच्या ओळींत व बांधावर जमिनीलगत पसरणारे, पिवळ्या फुलांचे आणि काटेरी फळांचे तण कोणते, औषधी गोखरू तो हाच का, आणि असे तण असलेल्या रानात खतासाठी मेंढ्या बसवाव्यात का?

उत्तर : आपण वर्णन केलेली वनस्पती सराटा आहे. तिला काटे गोखरू किंवा लहान गोखरू असेही म्हणतात आणि तिचे शास्त्रीय नाव ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस आहे. ही वर्षायू वनस्पती पावसाबरोबर उगवते, काही आठवड्यांतच फुलू लागते आणि फळे टाकून वाळून जाते. एका सोटमुळाच्या माथ्यावरून तिच्या लवदार फांद्या चहूबाजूंना जमिनीवर पसरतात. मात्र दाट पिकात सावली पडली की त्याच फांद्या उजेडासाठी वर उचलल्या जातात. पान हरभऱ्याच्या पानासारखे संयुक्त असते, पण पेरावरच्या समोरासमोरील दोन पानांपैकी एक मोठे व दुसरे लहान असते. ओळखीची ही खूण फूल नसतानाही उपयोगी पडते. पानाच्या बगलेत एकेकटे येणारे, साधारण 1 सेंटिमीटर रुंदीचे, पाच पाकळ्यांचे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी त्याच्या पाकळ्या गळतात.

खरा त्रास फळाचा आहे. पिकल्यावर त्याच्या पाच फाकी सुट्या होतात. प्रत्येक फाकीला दोन लांब, टणक आणि दोन आखूड काटे असतात, आणि फाक कशीही पडली तरी एखादा काटा वर राहतोच, म्हणून तो चपलेत, टायरमध्ये आणि जनावराच्या खुरात रुततो. फाकीत दोन ते चार बिया असतात. त्यांतील मोठे बी आधी रुजते आणि बाकीची सुप्त राहून पुढच्या हंगामांत उगवतात. त्यामुळे एका वर्षी रान स्वच्छ केले तरी पुढील काही वर्षे लक्ष ठेवावे लागते.

हलकी, मुरमाड किंवा वाळूमिश्रित, उघडी व कोरडी जमीन सराट्याला मानवते. ऊन आणि उष्णता त्याला सोसते, सावली सोसत नाही. म्हणूनच तो पिकाच्या दाटीपेक्षा बांध, पायवाटा, खळी आणि बागेतील मोकळ्या पट्ट्यांत अधिक दिसतो. अशा पट्ट्यांत आच्छादन करावे. फूल दिसताच, फळ धरण्यापूर्वी, खुरपीने मुळाचा माथा जमिनीखाली तोडून रोप काढावे. फळे धरलेली रोपे उकिरड्यात किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत. ती एका जागी गोळा करून जाळावीत. जमिनीवर सांडलेल्या फाकी वेचणे कठीण असते, परंतु जुने गोणपाट जमिनीवरून ओढत नेल्यास पुष्कळशा त्याला टोचून वर येतात. तणनाशक वापरायचे असल्यास आपल्या पिकासाठी शिफारस केलेलेच, लेबलवरील मात्रेनुसार वापरावे.

मेंढ्यांच्या बाबतीत मात्र जपावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कळपाच्या लोकरीतून व खुरांतून फाकी एका रानातून दुसऱ्या रानात जातात, तेव्हा कळप आधी कोठे बसला होता हे मेंढपाळाला अवश्य विचारावे. शिवाय मेंढ्यांनी हिरवा सराटा भरपूर खाल्ल्यास त्यातील सॅपोनिन या घातक द्रव्यामुळे पित्तमार्गाला इजा होते आणि उन्हात कान व तोंड सुजते. दक्षिण आफ्रिकेतील कारू प्रदेशात हा विकार फार पूर्वीपासून माहीत आहे. अशी लक्षणे दिसताच मेंढ्या सावलीत हलवून पशुवैद्यकांना बोलवावे.

आयुर्वेदातील दशमुळांतील (दहा औषधी मुळांतील) गोक्षुर, म्हणजेच औषधी गोखरू, तो हाच. मोठे गोखरू ही निराळी वनस्पती असून तिचे फूलही पिवळेच, पण घंटेच्या आकाराचे असते. तिची पाने साधी व दातेरी असतात, आणि ताजी फांदी पाण्यात ढवळली की पाणी बुळबुळीत व दाट होते. काही भागांत गोखरू म्हणून ओळखले जाणारे, आकड्यासारख्या काट्यांच्या बोंडांचे रुंदपानी तण तिसरेच आहे आणि त्याची कोवळी रोपे जनावरांना विषारी असतात. म्हणून फळे विकायची असल्यास तिन्हींची सरमिसळ होऊ देऊ नये, फवारणी केलेल्या बांधावरील किंवा रस्त्याकडेची फळे घेऊ नयेत, आणि खरेदीदाराला नमुना दाखवून मगच गोळा करावीत.